वाघिणीचं हजेरीपत्रक

आमच्या टाउनशिपमधली जुनी मंडळी महिन्यातल्या एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात. पोहे-जलेबी होते, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मोघे, तो टाकीवरचा किस्सा सांगा ना." मी विचारतो, "कुठला?" कारखान्यात मी पस्तीस वर्षं काढली, त्यातले सांगण्यासारखे किस्से चार. पाण्याच्या टाकीवर जेमतेम दीड वर्ष होतो, आणि तिथले सांगायला घेतले तर पोहे गार होतात. बायकोला ते सगळे पाठ आहेत. मी कुठे थांबतो तेही तिला माहीत आहे, तेवढ्यात ती चहा टाकून येते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी टाकीचं सांगतो. आमची टाउनशिप भोपाळच्या अगदी कडेला. मागची भिंत संपली की कच्चा रस्ता, रस्ता संपला की टेकड्या आणि जंगल. त्या जंगलात एक वाघीण राहायला आली, आणि वनखात्याने तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली. कॉलर म्हणजे जाड पट्टा, आणि त्यात बसवलेला छोटा ट्रान्समीटर. आपण हातात अँटेना धरून गोल फिरायचं, कानाला हेडफोन. ज्या दिशेला टिकटिक सगळ्यांत मोठी, त्या दिशेला वाघीण. टिकटिक संथ असली तर बाई पडून आहेत, भराभर असली तर चालताहेत.

पण एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून दोन जागा लागतात. दोन्हीकडून नकाशावर रेघा ओढायच्या, त्या जिथे एकमेकींना कापतील तिथे वाघीण. एक जागा वनखात्याची टेकडीवरची चौकी, तिथे वनरक्षक हल्केराम. दुसरी जागा आमची पाण्याची टाकी, कारण टाउनशिपमध्ये तिच्याहून उंच काही नव्हतं.

वनखात्याने टाकीबरोबर दोन माणसंही मागितली. सरकारी कारखान्याची एक रीत आहे. बाहेरून माणूस मागितला की ज्याच्यावाचून कुणाचंही अडत नाही असा माणूस द्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स सेक्शनने मला दिला. टाइम ऑफिसने दाणीकाका दिले.

*

दाणीकाका मूळचे नागपूरचे. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी ठेवणारं ऑफिस, आणि दाणीकाकांनी तिथे बत्तीस वर्षं लोकांची हजेरी ठेवली होती. कोण पाच मिनिटं उशिरा आला, कोण डबा खायला म्हणून गेला आणि शिवाजीनगरात साडूकडे जाऊन झोपला, सगळं त्यांच्या रजिस्टरमध्ये. मग एक दिवस गेटवर कार्ड पंच करायचं मशीन बसलं आणि काकांचं टेबल जिन्याखाली गेलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

टाकीवर आले तेव्हा त्यांच्या काखेत एक कोरं रजिस्टर होतं आणि खिशात लाकडी पट्टी. वनखात्याने छापील फॉर्म दिले होते. काकांनी ते बघितले आणि बाजूला ठेवले. "यात रकाने कमी आहेत," म्हणाले. दिवसभर बसून त्यांनी स्वतः रकाने आखले.

आठवड्याने रेंजर ठाकूर मॅडम आल्या. तरुण बाई, कामाला कडक. रजिस्टर उघडून वाचायला लागल्या. "प्रथम पाली. उपस्थित. कोई कार्य नहीं." पुढची ओळ, "द्वितीय पाली. एक घंटा विलंब से उपस्थित." त्यापुढची, "प्रथम पाली. बिना सूचना अनुपस्थित."

मॅडमनी विचारलं, "दाणीजी, ये बाघिन की हाजिरी है?"

"जी मॅडम."

"और ये विलंब किस हिसाब से?"

"कल चार बजे नाले पर आई थी, आज पाँच बजे. देर तो हुई ना."

मॅडमनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "चलने दीजिए. वेळ तरी बरोबर लिहिलेली आहे." ठाकूर असूनही त्यांना मराठी येत होतं, आजोळ उज्जैनचं होतं त्यांचं. आम्ही दोघं आठवडाभर त्यांच्यासमोर मराठीत त्यांच्याबद्दल काय काय बोललो होतो ते मला एकदम आठवलं.

त्या रजिस्टरमध्ये काकांनी आणखी दोन रकाने ठेवले होते. एक "निरीक्षक", तिथे त्यांची सही. दुसरा "सहायक", तिथे माझी. टाकीवर पंचिंग मशीन नव्हतं, म्हणून आमची हजेरीही त्याच पानावरून धरायची आणि कार्बन कॉपी दर शनिवारी टाइम ऑफिसला पाठवायची, असा नियम त्यांनीच केला आणि त्यांनीच मंजूर करून आणला. वाघिणीची आणि आमची हजेरी एका पानावर. तळाशी त्यांनी लाल शाईने आणखी एक नियम लिहिला होता. "सहायक को रीडिंग लेने का अधिकार नहीं है."

याचा मला फार राग होता. अँटेना मी जोडलेला, रिसीव्हर मी दुरुस्त करायचो, आणि रीडिंग घ्यायचा अधिकार मला नाही! मी एकदा भांडलोसुद्धा. काका म्हणाले, "मोघे, दोघांनी लिहिलं की दोन खरी होतात. रजिस्टरमध्ये आहे तेच घडलं, असं व्हायला पाहिजे." मी टाकीच्या एकशे चाळीस पायऱ्या उतरून खाली गेलो आणि चहा पिऊन परत चढलो. राग निम्म्या जिन्यातच संपला.

*

तीन महिन्यांत काकांनी एक शोध लावला. दोन वाजता पहिली पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा. सायकली, स्कूटरी, बस, सगळा गोंधळ वीस मिनिटांत संपायचा. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत वाघीण भिंतीबाहेरचा कच्चा रस्ता ओलांडायची. आधी कधीच नाही. संध्याकाळी परत जायची तीसुद्धा दुसऱ्या पाळीचा चहा झाल्यावर, रस्ता रिकामा असताना. तिला भोंगा कळत होता.

काकांना भरून आलं. "बत्तीस वर्षांत भोंगा इतका मनावर घेणारा माणूस बघितला नाही," म्हणाले. त्यांनी हे कँटीनमध्ये सांगितलं, आणि ते फिरत फिरत युनियनच्या तिवारींपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी तिवारी धापा टाकत टाकीवर.

"दाणीबाबू, आप मजदूर की तुलना जानवर से कर रहे हैं?"

"मैंने तो सिर्फ टाइम लिखा है."

तिवारींनी रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटत गेले. मग चष्मा काढून विचारलं, "इसको वीकली ऑफ नहीं मिलता?"

काकांनी मागची पानं चाळून खात्री केली. "नहीं मिलता."

तिवारी गंभीर झाले, पाणी प्यायले आणि खाली गेले. त्या शुक्रवारच्या गेट मीटिंगमध्ये आठवड्याला पूर्ण सुट्टी मिळालीच पाहिजे या विषयावर त्यांनी फार कळवळून भाषण केलं. कुणासाठी ते सांगितलं नाही.

*

रिसीव्हर बरोबर चालतो की नाही हे तपासायला आमच्याकडे एक जादा कॉलर होती. तिची खुबी अशी, की पट्ट्यावर एक लोहचुंबक चिकटवलेलं असायचं. चुंबक लावून ठेवलं की कॉलर बंद, काढलं की सुरू. टाकीवर उंदीर फार, म्हणून काकांनी ती कॉलर घरी नेऊन ठेवली होती.

एका सकाळी मी हेडफोन लावला तर टिकटिक टाउनशिपच्या आतून! अँटेना फिरवला, पुन्हा तेच. वायरलेसवर हल्केरामला विचारलं. तो म्हणाला, "साहब, मेरी लाइन भी आपकी कॉलोनी में जा रही है." नकाशावर दोन रेघा ओढल्या. त्या एकमेकींना कापत होत्या बी सेक्टरमध्ये, दाणीकाकांच्या क्वार्टरवर.

काकांचा चेहरा पांढरा पडला. तरी त्यांनी आधी वेळ लिहिली. ठाकूर मॅडमना निरोप गेला. अर्ध्या तासात जीप, जाळं आणि सात माणसं काकांच्या दाराशी. टिकटिक अगदी संथ. म्हणजे वाघीण आरामात पडून आहे. मॅडमनी दार हळूच ढकललं.

आत दाणीकाकू शिलाई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून जाळं बघितलं, सात माणसं बघितली. "अगं बाई, एवढे जण? बसा, पोहे टाकते."

झालं होतं असं, की सुया सांडल्या की गोळा करायला काकूंना चुंबक हवं होतं. ते त्यांना फडताळात त्या पट्ट्याला चिकटलेलं सापडलं. आणि चॅनेल? प्रत्येक कॉलरचा चॅनेल वेगळा असतो, रिसीव्हर ज्या चॅनेलवर असेल तीच कॉलर ऐकू येते. आदल्या दिवशी तपासणी करून मी रिसीव्हर जादा कॉलरच्या चॅनेलवरच ठेवून दिला होता. चूक सरळ माझी होती. हल्केरामलाही चॅनेल मीच सांगितला होता.

पोहे सगळ्यांनी खाल्ले. काकांनी खिशातून कागद काढून काय लिहायचं ते जुळवायला घेतलं, कारण पहिली नोंद रजिस्टरमध्ये पडून गेली होती आणि काका खाडाखोड करत नसत. "बी सेक्टर, रसोईघर के पास. विश्राम में." काकूंनी ते वाचलं.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी घरात असल्याची नोंद आज पहिल्यांदा झाली. सही कुठे करू?"

*

आता थोडं त्या घड्याळाबद्दल. आमच्या कारखान्यात एक जुनी पद्धत होती. संपूर्ण नोकरीत एकही दिवस बिनपरवानगी गैरहजेरी नसेल, तर निवृत्तीच्या दिवशी जीएमसाहेब स्टेजवर भिंतीवरचं मोठं घड्याळ द्यायचे. मागच्या बाजूला पितळी पट्टी, तिच्यावर नाव. अखंड हजेरीचं घड्याळ म्हणायचे त्याला. मी लागल्यापासून ते कुणालाच मिळालं नव्हतं. कुणाची बायको बाळंत व्हायची, कुणाची बस बंद पडायची, अर्ज राहायचा आणि एक लाल खूण पडायची.

दाणीकाकांना एकही लाल खूण नव्हती. मुलीच्या लग्नातसुद्धा अर्ज महिनाभर आधी. कोलार रोडला त्यांनी निवृत्तीनंतरसाठी लहानसं घर बांधलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो तर बैठकीच्या खोलीत सोफा नव्हता, पंखा नव्हता, पण समोरच्या भिंतीवर एक भक्कम खिळा ठोकलेला होता. मी विचारलं, "काका, इथे काय?"

"घड्याळ," काका म्हणाले.

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुधीर, पाटा-वरवंट्याला जागा नाही स्वयंपाकघरात. खिळा मात्र पहिल्या दिवशी."

मशीन आल्यापासून त्यांच्याकडचं सगळं गेलं होतं, एवढं एक राहिलं होतं. आम्ही त्यांना चिडवायचो, मी जरा जास्तच चिडवायचो. आता त्याचं वाईट वाटतं.

*

काकांच्या निवृत्तीला चार महिने असताना टाउनशिपमधल्या काही लोकांनी वाघिणीविरुद्ध अर्ज केला. भीती खरी होती, त्यांची चूक म्हणता येणार नाही. वरून कमिटी नेमली गेली. अट ठरली ती अशी, की तीन महिन्यांचं रजिस्टर बघायचं. वाघीण एकदाही भिंतीच्या आत आलेली दिसली, तर तिला बेशुद्ध करून दूरच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात ठेवायचं. एकदाही आली नसेल तर राहू द्यायचं.

ठाकूर मॅडम आम्हाला येऊन सांगून गेल्या. जाताना म्हणाल्या, "जे असेल तेच लिहा." काकांना याचा थोडा अपमान वाटला.

अडीच महिने तिने भिंत ओलांडली नाही. कारण तिला गरजच नव्हती. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आमच्या पाइपलाइनचा एक व्हॉल्व्ह अकरा महिने गळत होता, तिथे छान डबकं झालं होतं. भोंग्यानंतर ती तिथे यायची, पाणी प्यायची, परत जायची.

मग कमिटी येणार म्हणून मेंटेनन्सने सगळ्या जुन्या तक्रारी धडाधड निकालात काढल्या. त्यात तो व्हॉल्व्हही दुरुस्त झाला. मे महिना, बाहेर लू चाललेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला टिकटिक भराभर व्हायला लागली आणि मोठी होत गेली. काकांनी अँटेना फिरवला, अंश बघितले, पुन्हा फिरवला. मी कठड्यावरून खाली वाकलो. टाकीच्या पायथ्याशी बंद पडलेलं जुनं फिल्टर हाऊस होतं, तिथे कुणी जात नसे, आणि तिथली भिंत वर्षापूर्वी खचली होती. त्या भगदाडातून ती आत आली.

सांगतो, सव्वा वर्ष मी तिची टिकटिक ऐकत होतो, पण तिला बघितलं नव्हतं. काकांनीही नाही. तिच्या गळ्यातला पट्टा सैल दिसत होता. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी साठलं होतं तिथे ती खाली बसून पाणी प्यायला लागली. मला भीती वाटायला हवी होती, पण मला फक्त आनंद होत होता.

"किती वाळलीय रे," काका म्हणाले.

पहिलं काम त्यांनी हे केलं, की फोन उचलून गेटवर सांगितलं, "पीछे की सड़क बंद करो, टंकी का पानी छोड़ना है. कोई इधर नहीं आएगा." मग आम्ही दोघं बघत उभे राहिलो. चौदा मिनिटांनी ती उठली आणि आली तशी भगदाडातून गेली.

काकांनी रजिस्टर उघडलं. पेनचं टोपण काढलं.  मग टोपण परत लावलं.

"मोघे, जा, चहा पिऊन ये."

"काका, मी काही..."

"सहायकाला अधिकार नाही," ते म्हणाले. "चहा पिऊन ये."

मी परत आलो तेव्हा रजिस्टर बंद होतं आणि काका डबा खात होते. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

*

संध्याकाळी आम्ही मेंटेनन्सच्या रईस मियाँकडे गेलो. रईस मियाँ पक्के भोपाळी, समोरच्या प्रत्येकाला 'खाँ' म्हणणारे, तोंडात पान, आणि तक्रारींची त्यांना इतकी सवय की तक्रार नसली तर त्यांना करमायचं नाही.

काका म्हणाले, "वो पीछे वाला व्हॉल्व्ह आपने ठीक कर दिया."

"हाँ खाँ, फर्स्ट क्लास. एक बूँद नहीं गिरेगी."

"उसे वापस खराब करना है."

रईस मियाँनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "को खाँ, तीस साल में काम नहीं करने की शिकायत बहुत सुनी. काम करने की शिकायत आप पहले आदमी लाए हो."

"और फिल्टर हाउस की दीवार आज ही बनानी है. वो टूटी हुई है."

"यानी जो ठीक है वो तोड़ दूँ, जो टूटा है वो ठीक करूँ?"

"जी."

रईस मियाँनी काकांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.  रात्र पडायच्या आत भगदाडात विटा लागल्या आणि बाहेरचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा सैल झाला. त्या कामाचा कागद कुठेच नाही. आमच्या कारखान्यात तेवढं एकच काम बिनकागदाचं आणि एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी भोंग्यानंतर टिकटिक डबक्यापाशी आली, थांबली आणि परत गेली. भिंतीकडे ती पुन्हा कधीच वळली नाही.

*

कमिटीची मीटिंग ॲडमिन बिल्डिंगमध्ये झाली. चार इमलीतून, म्हणजे बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, एक मोठे साहेब आले होते, शिवाय आमचे जीएमसाहेब आणि ठाकूर मॅडम. काका आणि मी दाराशी उभे. मोठ्या साहेबांनी रजिस्टर मधोमध उघडलं आणि एकेक ओळ बोटाने वाचायला लागले. "द्वितीय पाली. उपस्थित. दीवार के बाहर." "द्वितीय पाली. उपस्थित. दीवार के बाहर."  मे महिन्याची पानं जवळ येत होती.

बोट थांबलं.

"ये क्या है? इस दिन बाघिन का कॉलम खाली है."

मॅडमनी वाकून बघितलं आणि मोठ्याने वाचलं. "निरीक्षक अनुपस्थित. बिना अनुमति."

तो रकाना काकांच्या सहीचा. सहीच्या जागी त्यांच्याच अक्षरात लाल शाईने हे लिहिलेलं.

"निरीक्षक कौन है?"

"मैं हूँ सर," काका म्हणाले.

"क्यों नहीं आए थे?"

"कारण लिखने का कॉलम नहीं है सर."

साहेबांनी हल्केरामची त्या दिवशीची नोंद मागवली. ती होती, पण एकच रेघ. ती जंगलातून निघून भिंतीवरून टाउनशिपमध्ये जात होती, त्या रेघेवर वाघीण कुठेही असू शकत होती. मग साहेबांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. "लेकिन सहायक तो उपस्थित है. मोघे कौन? आपने रीडिंग क्यों नहीं लिया?"

दीड वर्ष ज्या नियमावर मी जळत होतो, तो मी तोंडपाठ म्हणून दाखवला. "सर, सहायक को रीडिंग लेने का अधिकार नहीं है."

साहेबांनी पानाच्या तळाची लाल ओळ वाचली. जीएमसाहेब म्हणाले, "हमारे यहाँ सिस्टम बहुत स्ट्रिक्ट है." बाकीची पानं संपली आणि निर्णय झाला. वाघीण राहणार.

जिना उतरताना मी म्हटलं, "काका, शनिवारी कार्बन कॉपी टाइम ऑफिसला गेली असेल."

"गेली," काका म्हणाले. "मीच नेऊन दिली."

*

काकांचा निरोप समारंभ कम्युनिटी हॉलमध्ये झाला. पहिल्या रांगेत काकू, नवी साडी नेसून. तिसऱ्या रांगेत ठाकूर मॅडम. रईस मियाँ मागे उभे, तोंडात पान नव्हतं. स्टेजवरच्या टेबलावर हार, नारळ, शाल. घड्याळ नव्हतं.

जीएमसाहेबांनी सर्व्हिस रेकॉर्ड वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "दाणीजी, तैंतीस साल में सिर्फ एक दिन. सिर्फ एक! वरना आज इस कारखाने की दीवार घड़ी आपके हाथ में होती. पूछ सकता हूँ, उस दिन आप कहाँ थे?" आणि त्यांनी तारीख वाचून दाखवली.

काका काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून काकू उठल्या. तारखा त्यांच्या पक्क्या लक्षात असतात.

"अहो, असं कसं?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही गेला होतात की टाकीवर. मी डबा दिला होता. भेंडी होती. रिकामा डबा घेऊन आलात, मी स्वतः घासला."

 जीएमसाहेबांना मराठी येत नव्हतं, ते हसऱ्या चेहऱ्याने अर्थ सांगायला कुणी आहे का ते बघत होते. मी खाली मान घातली. ठाकूर मॅडमना मराठी येत होतं. त्या काकांकडे बघत होत्या, आणि काका त्यांच्याकडे. 

मग मॅडम जागेवरून उठल्या आणि काकूंना अगदी आदराने विचारलं, "काकू, भेंडी रजिस्टरमध्ये लिहिली आहे का?"

"नाही बाई, भेंडी कशी लिहितील?"

"मग नव्हती," मॅडम म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवायला लागल्या.